इंग्रजीच्या तासाला एकत्र गोष्ट वाचणं : पालक आणि शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते. आमच्या वर्गात आठवड्यातून एकदा, शक्यतो जोडतासाला, सगळे मिळून एक इंग्रजी गोष्ट वाचतो आणि तिच्यावर बोलतो. पालकसभेत यावर हमखास प्रश्न येतात. कळवा, ऐरोली, घणसोलीकडच्या शाळांतले शिक्षकही प्रशिक्षणाच्या वेळी मधल्या सुट्टीत गाठून विचारतात. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

एकत्र वाचायचं म्हणजे काय? धडा शिकवतात त्यापेक्षा यात वेगळं काय आहे?

धडा शिकवताना बहुतेक वेळा असं होतं : बाई एक वाक्य वाचतात, त्याचा मराठीत अर्थ सांगतात, पुढचं वाक्य वाचतात. शेवटी प्रश्नोत्तरं फळ्यावर येतात आणि मुलं ती वहीत उतरवतात. या सगळ्यात गोष्टीचा अर्थ लावण्याचं काम बाईंनी केलेलं असतं. मुलांनी केलेलं असतं ते उतरवून घेण्याचं.

एकत्र वाचताना अर्थ लावायचं काम वर्गाकडे जातं. मी गोष्ट वाचून दाखवते, मुलं पुस्तकात बोट ठेवून ऐकतात, मग पुन्हा आपापली किंवा जोडीने वाचतात. त्यानंतर बोलायचं. कोण काय वागलं, का वागलं, काय खटकलं, काय कळलंच नाही. एकाला जे सुटलं ते दुसऱ्याच्या लक्षात आलेलं असतं. माझं काम गोष्ट निवडण्याचं, चार चांगले प्रश्न तयार ठेवण्याचं आणि कोणी काही म्हटलं की "हे गोष्टीत कुठे आहे, दाखव" असं विचारण्याचं.

पण यातून इंग्रजी कसं येणार? गोष्टीवर गप्पा मारणं आणि भाषा शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत का?

मला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मुलाला सांगण्यासारखं काही असलं की ते सांगायला तो शब्द शोधतो. आपल्या मुलांना शब्दांच्या याद्या पाठ असतात, काळांचे तक्ते पाठ असतात, पण इंग्रजीत कोणाला काही सांगायची वेळच आलेली नसते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे सातवीतल्या मुलाच्या मागे सहा वर्षांचं इंग्रजी असतं, तरी तो दोन वाक्यं बोलताना अडतो. भाषा त्याच्याजवळ आहे, ती वापरायचं कारण त्याच्याजवळ नाही. ते कारण गोष्ट देते.

एक उदाहरण देते. आम्ही दोघी शिक्षिकांनी मिळून मुलांसाठी दीड पानाची एक गोष्ट लिहिली. एका मुलीचे बाबा ठाणे स्टेशनच्या स्टँडवर शेअर रिक्षा चालवतात. दुपारी एक प्रवासी वागळे इस्टेटला उतरतो आणि त्याचा डबा मागच्या सीटवर राहतो. बाबांच्या ते उशिरा लक्षात येतं. ते परत वागळेला जाऊन कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनकडे डबा देतात आणि स्टँडवर येतात. तिथे गोष्टीत एक साधं वाक्य आहे : "देअर वेअर ट्वेंटी रिक्षाज इन फ्रंट ऑफ हिम." पुढच्या पानावर शेवटी येतं, "दॅट नाइट ही केम होम लेट." उशीर का झाला ते गोष्टीत कुठेच लिहिलेलं नाही.

मी विचारलं, बाबांना उशीर का झाला असेल? उत्तरं आली : मित्र भेटले असतील, ट्रॅफिक असेल, रिक्षा बंद पडली असेल. मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तासभर खाली बघून बसते, हात वर न करताच म्हणाली, "नो बाई. ही लेट बिकॉज ट्वेंटी रिक्षा." तिचे वडील स्टँडवर रिक्षा लावतात. स्टँड सोडून रिकामी फेरी मारली की रांगेतला नंबर जातो, पुन्हा शेवटी लागावं लागतं, पुढे वीस गाड्या असल्या तर दुपारच्या मंदीत तासभर भाडं मिळत नाही आणि दिवसाचा हिशोब पुरा करायला रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं, हे तिने मग मराठीत सगळ्या वर्गाला समजावून सांगितलं. वर्गाने पान मागे उलटून ते वाक्य पुन्हा वाचलं. दोन पानांवरची दोन वाक्यं जोडली गेली आणि डबा परत करणं बाबांना किती महागात पडलं ते सगळ्यांना कळलं.

तिच्या इंग्रजी वाक्यात क्रियापद नव्हतं. पण दावा होता, कारण होतं आणि गोष्टीतला पुरावा होता. मी तेच वाक्य पुरं करून म्हटलं, "यस, ही वॉज लेट बिकॉज देअर वेअर ट्वेंटी रिक्षाज इन फ्रंट ऑफ हिम." तिने ते पुन्हा म्हटलं, वर्गाने म्हटलं आणि वहीत लिहिलं. 'बिकॉज'चा हा उपयोग व्याकरणाच्या तासाला दहा वाक्यं सोडवून घेतली तरी इतका पक्का बसला नसता, असं माझं ठाम मत आहे.

इंग्रजीच्या तासाला मराठीत बोललेलं चालतं का?

चालतं. सुरुवातीला तर चाललंच पाहिजे.

वर सांगितलेल्या मुलीला फक्त इंग्रजीतच बोलायचं असं बंधन असतं, तर ती गप्प राहिली असती आणि वर्गाला रिक्षाच्या रांगेचा अर्थ कधीच कळला नसता. मुलं आधी आपल्या भाषेत विचार करतात. आमच्या वर्गात ती भाषा मराठीच असते असंही नाही. ऐरोली-घणसोलीच्या गावठाणातून येणारी मुलं घरी आगरी बोलतात, काहींच्या घरी हिंदी किंवा भोजपुरी आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही वर्गातल्या अनेक भाषांकडे अडचण म्हणून न बघता साधन म्हणून बघा असंच सांगितलं आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही बहुभाषिकतेवर भर आहे.

पण तास संपेपर्यंत सगळं मराठीतच राहिलं तर तो इंग्रजीचा तास राहत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून मी फळ्याच्या कोपऱ्यात काही अर्धी वाक्यं कायम लिहून ठेवते : "आय थिंक ही…", "बिकॉज…", "इट सेज हिअर दॅट…", "आय डोन्ट अग्री, बिकॉज…", "आय डोन्ट अंडरस्टँड व्हाय…". मुलाने मराठीत म्हणणं मांडलं की त्यातलं निदान एक वाक्य या अर्ध्या वाक्यांच्या आधाराने इंग्रजीत आणायचं. शेजारच्याची मदत घेतली तरी चालते. सहावीत एका मुलाकडून एक वाक्य पुरे. आठवीत दिवाळीनंतर मी मराठीला मुद्दाम थोडं मागे ठेवते, कारण तोवर भीती गेलेली असते.

मुलांनी एकेक परिच्छेद उभं राहून मोठ्याने वाचायचा का?

पहिल्या वाचनाला नको. ज्याला वाचायला अडखळतं तो मूल आपला परिच्छेद कोणता येणार ते मोजत बसतो आणि तोवर चाललेली गोष्ट त्याच्या कानावरून जाते. ऐकणाऱ्यांनाही तुटक तुटक ऐकू येतं. पहिलं वाचन शिक्षकाने करावं, चांगलं, आवाजात चढउतार ठेवून. दुसरं जोडीने, हळू आवाजात. संवाद असतील तर तिसऱ्यांदा पात्रं वाटून. मोठ्याने वाचायला ज्याला सांगायचं त्याला आदल्या दिवशी परिच्छेद द्यावा. घरून तयारी करून आलेलं मूल वर्गासमोर नीट वाचतं आणि त्याचा त्याला आनंद होतो.

कठीण शब्दांचं काय करता?

ज्यांच्यावाचून गोष्टच अडेल असे चार-पाच शब्द आधी सांगते. बाकीचे सांगत नाही. मुलांनी संदर्भावरून अंदाज करायचा, अंदाज वहीत पेन्सिलने लिहायचा आणि शेवटी शब्दकोशात बघायचा. प्रत्येक बाकावर शब्दकोश नसेल तर वर्गात दोन पुरतात.

प्रश्न कोणते विचारायचे? आमची मुलं "येस", "नो" यापलीकडे जात नाहीत.

"व्हॉट वॉज द नेम ऑफ द बॉय?" या प्रश्नाला एकच उत्तर आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे. त्यावर बोलण्यासारखं काही उरतच नाही. असे एक-दोन प्रश्न सुरुवातीला असावेत, वर्ग गोष्टीत आला आहे ना ते कळतं. पण चर्चा सुरू होते ती मुलांच्या शंकांवरून. म्हणून मी पहिल्यांदा हेच विचारते : तुम्हाला काय कळलं नाही? काय विचित्र वाटलं? तीन-चार शंका फळ्यावर लिहिते. त्यातली कुठली आधी घ्यायची ते वर्ग ठरवतो. कधी कधी मुलांनी विचारलेला प्रश्न मी तयार करून आणलेल्या प्रश्नांपेक्षा खूप चांगला असतो. मग मी माझे बाजूला ठेवते.

चांगल्या प्रश्नाची खूण म्हणजे त्याला दोन वेगळी उत्तरं संभवतात आणि दोन्हींसाठी गोष्टीत आधार शोधता येतो. "बाबांनी डबा परत नेऊन दिला ते बरोबर होतं का?" यावर "हो" म्हणून वर्ग मोकळा होतो, कारण शाळेत काय उत्तर द्यायचं ते मुलांना ठाऊक असतं. "घरी आल्यावर बाबांनी डब्याबद्दल काही सांगितलं का नसेल?" यावर पंधरा मिनिटं जातात.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबायचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधली बोलणी तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात असं दिसलं. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांब येतात, "माहीत नाही" कमी होतं आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. आपली मुलं तर दुसऱ्या भाषेत उत्तर जुळवत असतात. त्यांना तीन सेकंदही कमी पडतात. मनात दहा आकडे मोजावेत. वर्गात शांतता पसरली की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं आणि आपणच उत्तर देऊन टाकतो. ते टाळणं सवयीने जमतं.

वर्गात पन्नासच्या आसपास मुलं आणि पस्तीस मिनिटांचा तास. यात हे कसं बसवायचं?

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे, पण भाषेच्या तासाला समोर किती मुलं बसलेली असतात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा आहे त्या परिस्थितीत काय होतं ते सांगते.

पन्नास मुलांची एकच चर्चा होत नाही. सहा हुशार मुलं बोलतात आणि चव्वेचाळीस बघतात. म्हणून आधी जोडी. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळायचं, की चौघांचा गट झाला. बाक हलवायचे नाहीत, त्यातच दहा मिनिटं जातात. आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मग जोडीत बोलायचं, मग वर्गासमोर मांडायचं, ही पद्धत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली आणि मोठ्या वर्गात तिच्याइतकी कामाला येणारी दुसरी पद्धत मला दिसलेली नाही. जोडीतल्या बोलण्यात एकाच वेळी पंचवीस मुलं बोलत असतात. एकेकाला उभं करून हे कधीच साधणार नाही.

गटात प्रत्येकाला वेगळी भूमिका द्यायची, एक सारांश सांगणारा, एक शब्द शोधणारा, एक चित्र काढणारा, असंही पुष्कळ ठिकाणी करतात. माझ्या वर्गात त्याचं रूपांतर तक्ता भरण्यात होतं आणि मुलं एकमेकांशी बोलायची थांबतात. मी एकच काम वाटून देते : गटातल्या एकाने पुस्तक उघडं धरायचं आणि कोणी काही म्हटलं की ती ओळ शोधायची. हे काम दर आठवड्याला फिरतं.

गोष्ट लांब असेल तर दोन दिवसांत वाटा. पहिल्या दिवशी अर्ध्यात थांबलं की पुढे काय होईल याचा अंदाज मुलं घरी घेऊन जातात, तेही चांगलंच. आणि गोंगाट होतो. शेजारच्या वर्गातल्या सरांना आधी सांगून ठेवावं, पर्यवेक्षकांनाही. तो कामाचा आवाज आहे हे त्यांना एकदा वर्गात बोलावून दाखवलं की तक्रार राहत नाही.

काही मुलं अजिबात बोलत नाहीत. त्यांच्यावर जबरदस्ती करायची का?

नाही. पण त्यांना सोडूनही द्यायचं नाही. मी वहीच्या पानाचे चार तुकडे करून वाटते. त्यावर गोष्टीबद्दल एक ओळ लिहायची, कुठल्याही भाषेत, नाव लिहिलं नाही तरी चालेल. त्यातल्या दोन-तीन चिठ्ठ्या पुढच्या तासाला नाव न घेता वाचून दाखवते आणि त्यावरून चर्चा सुरू करते. आपल्या ओळीवर सगळा वर्ग बोलतो आहे हे ज्याने लिहिलं त्याला दिसतं. त्याच्या चेहऱ्यावरून मला बहुतेक वेळा कळतंच. महिन्या-दोन महिन्यांत त्यातले काही जण स्वतःहून बोलायला लागतात. काही जण वर्षभर बोलत नाहीत, पण चिठ्ठ्या मात्र लांब होत जातात. तीही प्रगतीच आहे आणि मी तिची नोंद ठेवते.

ज्यांना इंग्रजी अक्षरवाचनच जड जातं, अशी मुलं सहावीतही असतात. त्यांना गोष्ट ऐकून कळते. ऐकून कळलेल्या गोष्टीवर ती इतरांइतकंच शहाणपणाने बोलतात. अक्षरवाचनाचं काम त्यांच्याबरोबर वेगळं करावं लागतं, पण ते पूर्ण होईपर्यंत त्यांना गोष्टीबाहेर बसवणं अन्याय आहे.

मुलं चुकीचं इंग्रजी बोलली तर लगेच दुरुस्त करायचं का?

बोलणं अर्ध्यात तोडून नाही. आपण बरोबर रूप सहज उच्चारायचं, जसं वरच्या रिक्षाच्या उदाहरणात. वारंवार होणाऱ्या चुका मी वहीत टिपून ठेवते आणि शेवटची पाच मिनिटं त्यातल्या दोन किंवा तीन फळ्यावर घेते, कोणाची चूक ते न सांगता. त्याहून जास्त घेतल्या तर पुढच्या आठवड्यात हात कमी वर होतात.

म्हणजे कुठलंही उत्तर बरोबर धरायचं का?

अजिबात नाही. हा गैरसमज शिक्षकांमध्येही आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. "प्रत्येकाचं आपापलं मत" म्हणून सोडून दिलं तर वाचनाला काही अर्थ राहत नाही. मत कोणतंही असू दे, गोष्टीतला आधार दाखवावा लागेल. आधार नसेल तर ते मत गोष्टीबद्दलचं नाही, आपल्या मनातलं आहे. डब्याच्या गोष्टीत एका मुलाने सांगितलं की बाबांनी डबा उघडून थोडं खाल्लं असणार. मी विचारलं, कुठे लिहिलंय? त्याने शोधलं, सापडलं नाही, आणि त्याने आपणहून म्हटलं, "नॉट इन द स्टोरी." हे चार शब्द मला फार मोलाचे वाटतात. परीक्षेतला न पाहिलेला उतारा सोडवताना, पुढे बातमी वाचताना, मोबाइलवर आलेला मेसेज वाचताना हीच सवय लागते.

गोष्टीचं तात्पर्य विचारायचं ना शेवटी?

मी विचारत नाही. तात्पर्य विचारलं की मुलं "वी शुड ऑल्वेज बी ऑनेस्ट" असं लिहितात आणि गोष्ट मिटून ठेवतात. ते वाक्य गोष्ट न वाचताही लिहिता येतं. पंचतंत्रासारख्या ज्या गोष्टी तात्पर्यासाठीच रचलेल्या आहेत त्यांचं वेगळं, आणि तिथेसुद्धा त्या तात्पर्याशी तुम्ही सहमत आहात का असं विचारून बघा. सातवीतली मुलं जोरात भांडतात.

गोष्टी कुठून आणायच्या?

पहिली जागा बालभारतीचं पाठ्यपुस्तक. त्यातल्या गोष्टी घाईघाईने "संपवल्या" जातात, पण थांबून वाचल्या तर त्यात बोलण्यासारखं पुष्कळ असतं. जवळ दुसरं काही नसेल तर तेवढ्यावर वर्ष निघतं.

दुसरी, प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ. ते २०१५ पासून चालू आहे. तिथली पुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत, म्हणजे फुकट वाचता येतात, छापता येतात, हवी तशी वाटता येतात. पातळ्या लावलेल्या आहेत. सहावी ते आठवीला तिसरी आणि चौथी पातळी जमते. अनेक पुस्तकं इंग्रजी आणि मराठी दोन्हींत आहेत, त्यामुळे कच्च्या मुलाला आधी मराठीतून वाचायला देऊन मग वर्गात इंग्रजी घेता येते. वर्गात प्रोजेक्टर असला तर छपाईचाही खर्च नाही.

नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका आणि व्यंगचित्रकार शंकर यांनी १९५७ मध्ये सुरू केलेल्या चिल्ड्रन्स बुक ट्रस्टची इंग्रजी पुस्तकं स्वस्त असतात आणि शाळेच्या ग्रंथालयाच्या थोड्या अनुदानातही बसतात. त्यातली माणसं, गावं, सण आपल्याकडचे असतात. त्यामुळे मुलांना परक्या शब्दांबरोबर परकं जगही समजून घ्यायची दुहेरी कसरत करावी लागत नाही. परक्या जगाच्या गोष्टीही वाचायलाच हव्यात, पण त्या दुसऱ्या सत्रात.

फोटोकॉपीबद्दल शिक्षक घाबरत विचारतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना सूट आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यापीठाच्या फोटोकॉपी प्रकरणात ही सूट मान्य केली. वर्गापुरती एक गोष्ट छापायला हरकत नाही. अख्खं पुस्तक छापून विकणं वेगळं.

ठाण्यातल्या पालकांसाठी : १८९३ साली स्थापन झालेलं ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्याच शहरात आहे. मुलाला सभासद करा, मराठी वाचू द्या. मराठीत गोष्टी वाचणारं मूल इंग्रजी गोष्टीच्या चर्चेतही पुढे असतं. हे मी वर्षानुवर्षं बघते आहे.

आणि शिक्षकांनी स्वतः गोष्टी लिहाव्यात. एक-दीड पान, सोपी वाक्यं, आपल्याच भागातली माणसं. साहित्य म्हणून ती थोर नसली तरी चालतं. महत्त्वाची एखादी गोष्ट न सांगता सोडून दिलेली असावी, म्हणजे मुलांना ती शोधायला जागा राहते.

गोष्टीत दारू, मारहाण, जात, मृत्यू असे विषय आले तर?

टाळून चालत नाही, कारण मुलांच्या घरात ते असतात. पण वर्गात बोलायचं ते पात्राबद्दल. "तुझ्या घरी असं होतं का?" हा प्रश्न कधीही विचारू नये. कोणाला स्वतःहून सांगायचं असेल तर ऐकावं, पण ते वर्गासमोर उघडं पडतंय असं वाटलं तर चर्चा हळूच गोष्टीकडे वळवावी आणि तास संपल्यावर त्या मुलाशी एकट्याने बोलावं. गोष्टीतल्या मुलाच्या आडून मुलं पुष्कळ बोलतात. ती आड त्यांना राहू द्यावी.

याला मार्क असतात का? पोर्शन कसा पूर्ण होतो?

आकारिक मूल्यमापनात तोंडीकाम, उपक्रम, दैनंदिन निरीक्षण ही साधनं आहेतच. गोष्टीवरचं बोलणं आणि चिठ्ठ्या मी तिथे नोंदवते. नोंद करताना "छान बोलतो" असं न लिहिता "कारण देऊन मत मांडलं, ओळ दाखवली" असं लिहिते. पोर्शनचं म्हणाल तर पाठ्यपुस्तकातल्याच गोष्टी अशा वाचल्या की वेगळा वेळ काढावा लागत नाही. चर्चा झालेल्या धड्याची प्रश्नोत्तरं मुलं आपली आपण लिहितात, फळ्यावरून उतरवण्यात जाणारे दोन तास वाचतात.

मुलं मोबाइलवरून गोष्टीचा सारांश काढून आणतात. काय करावं?

वर्गात पहिल्यांदाच वाचायची गोष्ट आधी घरी देऊ नका. आणि सारांश विचारू नका. "कुठल्या ओळीला तुला थांबावंसं वाटलं?" याचं उत्तर मोबाइलकडून आणता येत नाही.

आम्हाला स्वतःला इंग्रजी येत नाही. घरी मुलाची मदत कशी करणार?

हा प्रश्न विचारताना पालक आवाज खाली घेतात, आणि मला फार वाईट वाटतं. तुम्ही करू शकता ती मदत इंग्रजीच्या शिकवणीपेक्षा मोठी आहे.

रात्री जेवताना विचारा, आज कुठली गोष्ट वाचली? मुलगा मराठीत सांगेल. मध्येच थांबवून विचारा, मग त्या माणसाने असं का केलं? तुम्ही असता तर काय केलं असतं तेही सांगा. तुमच्या मताशी मूल सहमत नसेल तर वाद घालू द्या. एका आईने डब्याची गोष्ट ऐकून मुलाला विचारलं, "वॉचमनने तो डबा त्या माणसाला दिला कशावरून?" दुसऱ्या दिवशी त्याने तो प्रश्न वर्गात आणला, आणि आमच्यापैकी कोणालाच तो सुचला नव्हता. त्या ताई स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत.

एक विनंती : "याचा अर्थ सांग, त्याचं स्पेलिंग सांग" अशी उलटतपासणी नको. त्याने मूल गोष्ट सांगायचंच बंद करतं.

फरक किती दिवसांत दिसतो?

पहिले दोन-तीन आठवडे वर्ग बावचळलेला असतो. बाई उत्तर सांगतील म्हणून वाट बघत बसतो. मग मुलं एकमेकांकडे बघून बोलायला लागतात, दर वेळी माझ्याकडे न बघता. ही पहिली खूण. पहिल्या सत्राच्या शेवटी "आय थिंक" सवयीचं होतं. लेखनातला फरक उशिरा दिसतो, बहुधा दुसऱ्या सत्रात, आणि तो आधी वाक्यांच्या संख्येत दिसतो, शुद्धतेत नंतर. घटक चाचणीचे मार्क पहिल्या महिन्यात वाढतील अशी अपेक्षा ठेवू नका.

पालकांना वर्गात येऊन बघता येईल का?

आमच्याकडे येतं. मुख्याध्यापकांना आधी कळवा, गोष्टीच्या वाराला या, शेवटच्या बाकावर बसा. तुम्हालाही गोष्टीची प्रत मिळेल. आपल्या मुलाला खुणेने उत्तर सांगू नका, इतकंच. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, त्या दिवशी काही पालक आपल्या लहानपणची एखादी गोष्ट मराठीत सांगतात आणि मुलं गटात बसून ती इंग्रजीत लिहून काढतात. ज्यांना सांगायची असेल त्यांनी सप्टेंबर अखेरपर्यंत वर्गशिक्षकांकडे नाव द्यावं. गोष्ट दहा मिनिटांत सांगून होईल अशी निवडा.